चारशे अठरा

मीटरवर चारशे अठरा.
पाच वर्षांत एवढेच.
आमच्याकडे लाद्या पोचवणारा पोरगा
पंधरवड्यात याहून जास्त फिरतो,
तेही मागे पाण्याची रेघ सोडत.

धडफळे म्हणाला, पुण्याचा दलाल,
"पावसेशेठ, ही गाडी नव्हे, ठेव आहे.
सीटवरचं प्लास्टिक काढू नका.
आणि चालवत नेऊ नका, जीव गेला तरी.
एकेक किलोमीटर म्हणजे खिशाला भोक."

शृंगारतळीला कॅप्टन सत्तार परकारांच्या खळ्यात
पोफळीच्या सावलीला ती उभी,
लाल, रुंद, नाकावर पळता घोडा.
अमेरिकेची मस्टँग.
पुण्याहून आणली तेव्हा एकदा लांबचा रस्ता,
मग रात्री हेदवीच्या बाजूला काही फेऱ्या.
वर्षभरात काचबिंदूने दोन्ही डोळे नेले.
"तिथं वळणावर समुद्र एकदम दिसतो," ते म्हणाले,
आणि मान बरोबर पश्चिमेला वळवली.

घासाघीस केली नाही.
फक्त म्हणाले, एकदा चालू करा.

आठ सिलिंडर.
वाळत घातलेल्या सुपारीवरून कोंबड्या उडाल्या.
माझ्या कानाला बोटींची डिझेल इंजिनं ठाऊक,
ती खोकतात, शिव्या देतात, कामाला लागतात.
हे काम मागत होतं.
कॅप्टननी बोनेटवर तळवा ठेवला,
चटका बसेपर्यंत ठेवला,
मग म्हणाले, पुरे.

धोपाव्याला फेरीबोट लागली.
ट्रकवर गाडी, फेरीवर ट्रक,
फेरीखाली वाशिष्ठीची भरती.
खाडीच्या मध्यावर मला राहवेना.
ड्रायव्हरला म्हटलं, बाबल्या, हात दे,
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत,
वर चढून, दार उघडून आत बसलो.
प्लास्टिक चरचरलं.
काचेतून डोंगर सरकत होता,
दाभोळच्या मशिदीचा घुमट मोठा होत होता,
होडीतला एक म्हातारा जाळं तसंच धरून बघत राहिला:
मी पाण्यावरून लाल गाडी हाकत होतो.
आकडा हलला नाही.

हर्णैत बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली,
डिकी उघडून वाकून पाहिलं.
"पापलेटच्या दोन टोपल्या मावतील," म्हणाली,
"सुरमई नाही."
रात्री विचारलं, किती दिले?
मी अर्धे सांगितले.
तरी ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.

आता ती कारखान्यामागे, बर्फाच्या जुन्या कोठारात.
फटी डांबराने बुजवल्या.
हवेतली ओल शोषणारं यंत्र लावलं,
सकाळी त्याची बादली मीच ओततो.
खारं वारं इथे लोखंडाचा मान ठेवत नाही,
किल्ल्यातल्या तोफा बघा, हाताला पापुद्रे येतात.
तीस वर्षं बर्फ विकला मी.
वितळणारी वस्तू कशी ठेवायची, मला विचारा:
भुसा, गोणपाट, अंधार,
आणि गिऱ्हाईक लवकर यावं.

धडफळे फोन करतो. भाव चढलाय, धरून ठेवा.

एका जागी टायर चपटे होतात, म्हणून
दर रविवारी आठ फूट पुढे, आठ फूट मागे.
आजकालचे मीटर मागे जाणंही मोजतात.
बर्फाच्या बिलामागे हिशेब केलाय,
दोनशे पाच रविवारांचा एक किलोमीटर.
मी बासष्टचा असेन.

परवा कॅप्टनचा फोन आला.
म्हटलं, आहे. तशीच आहे.
"तशीच म्हणजे? कुठवर आली?"
बंदरावर लिलावाचा गलका,
टेम्पोवाले बर्फासाठी हॉर्न मारतायत,
माझ्यासमोर कोठाराची भिंत, आठ फुटांवर.
अजून फेरीवर आहे, मी म्हणालो.

ते थोडे थांबले.
मग विचारलं, भरती की ओहोटी?